पुठ्ठ्यांवरचे नंबर

आमी मूळचे अक्कलकोटाकडचे, घरात कानडी, भाईर मराठी. आई गेली तवा मी बारा वर्साची आन आमचा सिद्राम दोन वर्साचा, काखंतलं लेकरू. आप्पा आमाला घिऊन सोलापुरात आले, भवानी पेठंत, चादरीच्या कारखान्यात पुठ्ठे पाडायचं काम धरलं. म्हंजी काय, तर चादरीवर मोर पायजे आसला तर त्येची भोकं आदी पुठ्ठ्यावर पाडायची, भोक आसलं की दोरा वर, न्हाय तितं खाली, मग पुठ्ठे वळीनं ववून मागावर चढवायचे. आप्पांची नजर गेली, पुढं आप्पाबी गेले, आन हातोडी माझ्या हातात आली. लगीन ऱ्हायलं ते ऱ्हायलंच.

सिद्राम माझ्या मांडीपाशी वाढला. येकदा, काय सांगू तुमाला, त्येनं सगळी चळत सांडली आन मला कळू दिलं न्हाय, हाताला यील तसे पुठ्ठे गोळा करून ठिवले, मीबी तसंच ववले. चादर बगते तर मोराची मान कुटं, पाय कुटं! मालक मला लई बोलला, मी ह्येला बदडलं. त्या दिसापासनं हरेक पुठ्ठ्यावर नंबर घालाया लागले.

पोरगं हुशार, स्कॉलरशिपा घेत घेत गेलं ते थेट अमेरिकेला, कम्प्युटरचं शिकाया. पत्र आलं की शेजारचे गुरुजी वाचून दावायचे. लिवलं हुतं, आक्का, आमी लांब लांबच्या गावची यंत्रं तारंवरनं येकमेकासंगट बोलती करतोय, निरोपाचं तुकडं करून येगयेगळ्या वाटंनं धाडतोय, पर तुकडं मागंपुढं पोचत्यात, तर मी साह्यबाला म्हणलं, आमची आक्का पुठ्ठ्यावर नंबर घालती की. साह्यब म्हणला, नंबर तर आमी घालतोच, पर तुजी आक्का कुटल्या कालेजात शिकली? मी हासले आन मग रडूच आलं बगा. जगाचे निरोप पोचवतोय म्हणं, आन मला मानूस पायजे हुता. गुरुजींना म्हणलं, लिवा, तू ये.

गेल्या साली आला, आठ दिस. भाकरी, शेंगाची चटणी, समदं केलं. खायचा, पर गप. कामाचं इचारलं की मातर आसा खुलायचा, बोलता बोलता हात सुकायचा ताटात. जायच्या आदल्या दिशी म्हणला, आक्का, तू ऱ्हा म्हण, मी ऱ्हातो, हितंच कालेजात नोकरी बगतो. अगं बाई, इतकी वर्सं द्येवाला दुसरं काय मागितलं हुतं मी? आन माझ्या त्वांडातनं निगालं काय, तर जा. मी धडधाकट हाय, तू जा. मग काय, पाया पडला आन गेला.

पत्रं येत्यात आजून, लांबलचक येत्यात. त्येला लई औक्ष मिळू दे, त्येची यंत्रं बोलू देत, मी कुनाला दोष दिऊ, मीच जा म्हणलं. पर खरं सांगू तुमाला? त्येनं माजं ऐकाया नगं हुतं.