चांगल्या पायाला सुई न्हाई

पिशवी खाली ठेवू नका. उभ्यानंच बोला, अमृतराव — न्हाई, आत जायचं न्हाई, ह्ये झोपले हायत. अन् ती सुई काढलीच कशाला? ताकदीची? कोणत्या ताकदीची वो? कंपाउंडर तुमी, सारा तांडा डाक्टर म्हणतो म्हणून काय झालं! मागच्या बारीला तापाची म्हणून कमरेखाली खुपसली, तवाच ह्ये वरडले, पायात आग उतरली म्हणून. तुमी काय म्हणले? मोहनसिंग, एवढा दांडगा गडी अन् सुईला भेतो! वरून हसले. तवापासून पाऊल उचलत न्हाई माझ्या माणसाचं. कापसाचे बोजे वाहणारी पोटरी ती, आता माझ्या मनगटाएवढी राहिली.

खाऊ घाला म्हणता? मला शिकवता? दूध ह्यायलाच, अंडे ह्यायलाच, पोरीला कोरा चहा — ह्यायचं पोट सुटलं नुसतं, पाय वाळूनच राहिला. काहून? हिंगोली जिल्हा झाला, मोठा दवाखाना येईल म्हणतेत, तवर आमी नांदेड गाठलं. तिथल्या डाक्टरीणबाईनं सांगितलं — सुई पायाच्या शिरेवरच बसली. मांस रोज झिजते, रोज नवं बनते, शीर जिती हाय तवर दोन्ही बराबर चालते. शीर मेली की बनणं बंद पडत न्हाई म्हणे, आतमधी बनूनच राहिलं, पर झिजणं त्याच्या वरताण. मी इकडून भिंत लिंपायची अन् तिकडून उंदरानं पोखरायची. अन् तुमी सुईनं ताकद भरता व्हय!

ह्यायला सांगितलं का? न्हाई सांगितलं. कसं सांगू? शीर आली तर येईल, न्हाई तर न्हाई, असं म्हणली ती बाई. मी म्हणलं, खा, भरते पाय. खातेत बिचारे. अन् दुपारी डोळा लागला की मी बाभळीचा काटा टोचून पाहते अंगठ्याला, पाय वढून घेतेत का म्हणून. काल रगत आलं, तरी घोरूनच राहिले — हे तुमाला काहून सांगून राहिले मी? तुमी कोण माझे?

ह्यायनंच बोलावलं, व्हय ना? माहीत हाय. लई भरोसा तुमच्यावर. त्या पायाला लागू पडली न्हाई, तर ह्या पायाला द्या म्हणतेत, ताकद फिरून तिकडं जाईल. अवो, तो चांगला पाय हाय, अमृतराव! एकच उरला! त्याला हात लावाल तर सारा तांडा गोळा करीन, मंग ऐका काय म्हणतेत तुमाला. मला, ह्या नानीबाईला इचारल्याबिगर या घरात आता कोणालाच सुई लागायची न्हाई. निघा.

गप — उठले वाटते.

काय वो? अन् असे पालथे काहून पडले, धोतर सोडून? सरळ व्हा. न्हाई, कोणी न्हाई आलं. शेळी व्हती ओट्यावर, दिली हाकलून.