जाधव सरांच्या वहीतली रिकामी ओळ

जय भीम. नमस्कार. सरांच्या घरची माणसं, कॉलेजातले गुरुजन, आणि पूर्णगडाहून टेम्पो करून आलेली आमची मच्छीमार मंडळी, सरांच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांनाच.

मला बोलता येत नाही. मी वसंता, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. हातात पाना असला की मला तोंडाची गरज लागत नाही. पण सरांची लेक अस्मिताताई काल म्हणाली, "वसंतकाका, बाबांच्या अर्ध्या वह्या तुमच्यावरच आहेत. तुम्ही बोलायलाच हवं." म्हणून उभा राहिलो. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

जाधव सर इथे देवरूखला मानसशास्त्र शिकवायचे. माणूस अडला की त्याच्या डोक्यात काय चालतं, आणि नवी युक्ती सुचते ती कुठून सुचते, हा त्यांचा विषय. आठवडाभर मुलांना शिकवायचे आणि रविवारी एसटी धरून आमच्या बंदरावर यायचे. उलट्या बादलीवर बसायचे. वही उघडून म्हणायचे, "वसंता, काम करताना डोक्यात येईल ते मोठ्याने बोल."

आता सांगा, असं कोण बोलतं? मी म्हटलं, "सर, तोंड चाललं की माझा हात थांबतो." तर म्हणाले, "थांबू दे. कुठे थांबतो तेच मला बघायचंय."

मग बोलायला लागलो. "आवाज फाटका येतोय. हवा धरली असेल. नाय, हवा नाय." सर सगळं लिहून घ्यायचे. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. माझ्या डोक्यात काय चाललंय, हे मला कोणी विचारलंच नव्हतं. बायकोनेही नाही. समोरच बसलीय, विचारा तिला.

एका वर्षी नारळी पुनव झाली, बोटी दर्यात गेल्या. एकच बोट मागे राहिली, इंजिन चालूच होईना. त्या आठवड्यात मी दोन इंजिनं दुरुस्त केली होती, दोन्हींच्या डिझेल पंपात कचरा. म्हणजे इथेही पंपच, मी ठरवूनच टाकलं. पंप खोलला. साफ होता. पुन्हा खोलला. तिसऱ्यांदा खोलला. घाम निथळतोय, आणि मी तोच पंप खोलतोय.

सर म्हणाले, "वसंता, हात बाजूला घे. दोन मिनिटं इंजिनाला शिवू नको." मी भडकलो. म्हटलं, "पुस्तकं वाचून इंजिन चालू होत नाही, सर." ते रागावले नाहीत. म्हणाले, "दोनदा पंपाने तुला हात दिला, म्हणून तुझं डोकं तिसऱ्यांदाही त्याच वाटेने जातंय. सगळ्यांचंच जातं. जरा थांब."

थांबलो. रागानेच थांबलो. आणि बघता बघता नजर बोटीच्या मागे गेली. सायलेन्सरच्या पाइपात नारळाचं सोडण, वरची जाड काथ्याची साल.

पूर्णगडकरांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. पावसाळ्यात बोटी वर ओढून झावळ्यांनी शाकारतो, तेव्हा पाणी न् उंदीर जाऊ नयेत म्हणून पाइपात सोडण कोंबतो. ज्याने कोंबलं त्यानेच बोट उतरवताना काढायचं, ही आमची रीत. ते राहिलं तर धुराला वाट नाही, इंजिन चालू होणार कसं?

सोडण उपसलं. इंजिन लगेच चालू झालं. आणि मी पहिलं काय केलं? बोटीवरच्या खलाशावर ओरडलो. दाऊदवर. "कोंबायचं तू आणि काढायचं आम्ही काय रे?" सगळ्या बंदरासमोर. बोटीच्या म्होरक्याने, तांडेलाने, त्याला बोटीवरून उतरवलं. अख्खा मोसम.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर सरांनी विचारलं, "सोडण कोणी कोंबलं होतं?" मी रस्त्याकडे बघत राहिलो. सर म्हणाले, "उत्तर सापडलं की आपण कुठे अडलो होतो ते माणूस पुसून टाकतो. वहीत एक ओळ रिकामी ठेवलीय. तू सांगशील तेव्हा लिहू."

पुन्हा कधी विचारलं नाही. दर रविवारी मी ठरवायचो, आज सांगू. मग एखादं इंजिन यायचं, राहून जायचं. सर आजारी पडले तेव्हा भेटायला गेलो, हात हातात घेऊन बसलो. तेव्हाही नाही सांगितलं. आजारी माणसाला कशाला त्रास, अशी स्वतःची समजूत घातली. इंजिन अडलं की तासन् तास काही सुचत नाही, आणि अशा युक्त्या मात्र पटापट सुचतात.

काल अस्मिताताईने ती वही दाखवली. ओळ अजून रिकामी आहे.

ते सोडण मी कोंबलं होतं. माझीच निळी दोरी बांधलेली होती त्याला, उपसल्याबरोबर ओळखली. दाऊद, तू मागे खांबाजवळ बसलायस. तुझी काही चूक नव्हती. मला माफ कर. हे बोलायला सर जायची वेळ यावी लागली, याची मला लाज वाटते.

ताई, पेन घ्या, तेवढी ओळ लिहा. माझं अक्षर वाईट आहे.

आता आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं, हात बाजूला घेऊन, सर सांगायचे तसं. त्यानंतर दाऊद, तुला काय बोलायचं ते मला बोल. मी इथेच आहे.

सर, डोक्यात होतं ते आज मोठ्याने बोललो. जय भीम.