राणी रंगाचा बगळा

(सुरत. डिसेंबर १९९६, शुक्रवारची संध्याकाळ. गोडादऱ्यातली सुकदेवची खोली.)

प्रभाकर : ऐका ना पुढे! "आपण पाठवलेला फोटो आम्ही चौघांनी पाहिला. ठेवणीवरून लहान बगळा वाटतो, पण पोट आणि पंख गुलाबी कसे, याचा उलगडा होत नाही. येत्या रविवारी आम्ही तिघे सुरतला येत आहोत." तिघे, सुकदेव! पक्षितज्ज्ञ, थेट मुंबईहून! माझ्या एका फोटोसाठी!

सुकदेव : रविवारी? ह्याच?

प्रभाकर : परवा! अहो, चेहरा का पडला तुमचा? पांडेसऱ्याच्या नाल्यावर आधी बोट तुम्हीच दाखवलंत, मी नुसता कॅमेरा लावला. तसं कळवलंय मी त्यांना. निरीक्षक : सुकदेव बोरसे.

सुकदेव : माझं नाव टाकलं?

प्रभाकर : मग! टाकायला नको?

सुकदेव : साहेब, त्यांना तार करा. येऊ नका म्हणावं.

प्रभाकर : डोकं फिरलंय का तुमचं? पाच वर्षांपूर्वी मी एका साध्या पिल्लाला भलत्याच दुर्मीळ पक्ष्याचं नाव दिलं. अंदाजानं लिहिलं, पक्षिमित्रांच्या मासिकात छापून आलं, आणि पुढच्या अंकात खुलासा. संमेलनाला गेलो की अजून हाक येते, "या, पिल्लूवाले!" बँकेत अठ्ठावीस वर्षं काढली, एक चूक नाही. आणि माझी ओळख काय, तर पिल्लूवाला. आता कुठे ते पुसलं जाणार, तर तुम्ही म्हणता तार करा!

धुरपदाबाई : भाऊ, चहा ल्या. आन् अहो, दखाडी द्या ना त्यासले. तीन दिन व्हयनात. कितला दिन दपाडशात?

प्रभाकर : काय लपवताय, वहिनी?

सुकदेव : तू आत जा बरं.

धुरपदाबाई : आत कोठे जाऊ? एकच खोली शे.

सुकदेव : … त्या टोपलीखाली बघा, साहेब. हळू उचला.

प्रभाकर : अरे देवा! हा तर तोच! तोच आहे हा! सुकदेव, हा… जिवंत आहे ना?

धुरपदाबाई : शे. पन उभा राहस नही. मासा दिधा तर तोंड फिरावस. धोता धोता दोन साबन सरनात, रंग काही गया नही.

प्रभाकर : धुतलात? अहो वहिनी, पिसांचा रंग साबणानं जाईल कसा? तो त्याचा स्वतःचा रंग आहे!

सुकदेव : त्याचा नाही. माझा आहे.

प्रभाकर : म्हणजे?

सुकदेव : राणी कलर. लग्नाच्या साड्यांचा. आमच्या प्रोसेस हाऊसात दिवाळीपासून राणीच चाललाय, आणि कलर किचनात तो वजन करून कालवतो मी. हे माझे हात बघा. नखं बघा. आता ह्याचा पंख बघा. शेड जुळली का?

प्रभाकर : थांबा, हात दिव्याखाली धरा.

सुकदेव : हा घ्या. जुळली का?

प्रभाकर : जुळली.

सुकदेव : फोटो धुवून आणला तुम्ही, त्याच दिवशी ओळखलं मी. पण तुम्ही एवढे खूश होते, माझं तोंडच उघडलं नाही. मंगळवारी हा नाल्याकाठी पडलेला सापडला. पिशवीत घालून घरी आणला.

प्रभाकर : पण तुमच्या कारखान्याचं पाणी तर साफ करून सोडतात ना?

सुकदेव : सहा दिवस. रविवारी तपासणीच्या लोकांना सुट्टी. सकाळी सातला रंगाच्या पाण्याच्या टाकीचा वॉल खोलतात, सगळं जसंच्या तसं नाल्यात.

प्रभाकर : कोण खोलतं?

सुकदेव : दर रविवारी मी नाल्यावर आठला का येतो, साहेब?

प्रभाकर : तुम्ही म्हणता, घरचं पाणी भरायचं असतं… सुकदेव! नाही हो!

सुकदेव : चार वर्षं झाली. वॉल खोलतो, हात धुतो, आणि तुमच्या बाजूला येऊन बसतो दुर्बीण घेऊन. मालकाचा हुकूम आहे. पण हात तर माझाच ना? लाज वाटते मला. लई लाज वाटते.

प्रभाकर : हे कोणाला बोललात?

सुकदेव : कोणालाच नाही.

प्रभाकर : मग नका बोलू. ऐका. रविवारी पहाटे आपण ह्याला नाल्याकाठच्या गवतात ठेवू. ते लांबून दुर्बिणीतून बघतील, दोन फोटो काढतील आणि—

धुरपदाबाई : भाऊ! उभा राहस नही म्हन्तं ना! मराले टेकेल पाखरू ठेवशात का तठे?

प्रभाकर : … चुकलो. चुकलो, वहिनी. काय बोलून गेलो मी हे.

सुकदेव : चहा घ्या. थंड होतोय.

प्रभाकर : नको.

सुकदेव : मग ही वही घ्या. तुम्हीच शिकवलं होतं ना? तारीख, वेळ, जागा, पाणी, पक्षी. आणि डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं, अंदाज नाही.

प्रभाकर : मी शिकवलं, मला ठेच लागल्यावर. बघू… "पाणी मोरपिशी. शेकाटे साठ." "पाणी काळं. शेकाटे चाळीस." "पाणी राणी. शेकाटे अकरा." सुकदेव, हे तुम्ही माझ्या शेजारी बसून लिहीत होतात?

सुकदेव : तुम्ही वही बघायचे तेव्हा मला वाटायचं, आज विचारतील. आज नक्की विचारतील.

प्रभाकर : मी पक्ष्यांचा रकाना तेवढा वाचायचो. नाल्याचं पाणी रंगीतच असायचं, असं धरून चाललो. चार वर्षं शेजारी बसून मला दिसलं नाही, आणि म्हणे निरीक्षक!

सुकदेव : त्या मुंबईवाल्यांना ही वही दाखवा. फक्त तुमच्या अक्षरात उतरून घ्या. माझं अक्षर कारखान्यात सगळे ओळखतात.

प्रभाकर : उतरतो. आज रात्रीच बसतो. आणि पिल्लूवाला म्हणाले तर म्हणू देत. पण वॉल खोलणाऱ्याचं काय लिहू?

सुकदेव : तुम्ही त्याला डोळ्यांनी पाह्यलं का?

प्रभाकर : नाही.

सुकदेव : मग ती ओळ रिकामी सोडा.

प्रभाकर : तुम्ही परवा रजा टाका, सुकदेव. ताप आला म्हणून सांगा. निदान परवा तरी तुमचा हात नको त्या वॉलवर.

सुकदेव : मी नाही गेलो तर वाल्मिकला पाठवतील. माझ्या गावचा आहे, कामाला मीच लावलाय. त्याला तर टाकीत काय आहे ते ठाऊक पण नाही.

धुरपदाबाई : अहो… इकडे दखा. पाखरूनी मान टाकी दिन्ही.

प्रभाकर : गेला?

धुरपदाबाई : गया, भाऊ.

सुकदेव : साहेब, परवा त्या लोकांना कितीला आणणार होते तुम्ही?

प्रभाकर : आठला. तुमच्या वेळेला.

सुकदेव : आठला नका आणू. सातला आणा. टाकीच्या मागच्या बाजूला, बाभळीखाली उभं करा.

धुरपदाबाई : आन् काम गयं म्हंजे?

सुकदेव : जाईल तर जाईल.

प्रभाकर : सुकदेव, अहो, तिघांकडेही कॅमेरे असतील. तुम्ही दिसाल त्यांना.

सुकदेव : तुम्हीच म्हणता ना, सकाळी लवकर गेलं की नीट दिसतं.