पिठाच्या डब्यातला पाऊस

सून : बारा? माई, नीट बघितलंत ना? नळी डोळ्यांसमोर धरून?

सासूबाई : डोळ्यांसमोर नाही तर काय पाठीमागे धरू? बारा म्हणजे बारा. रोज सांगते तेव्हा मुकाट्याने लिहून घेतेस, आजच काय झालं?

सून : अहो, उपग्रहाच्या चित्रात आपल्या टेकडीवर सकाळपासून ढग ठाण मांडून बसलाय. नेमकं रडार बंद पडलंय. चित्रात ढग दिसतो, त्यातून पडलं किती ते दिसत नाही. आणि अख्ख्या टेकडीवर पाऊस मोजायला आपल्या अंगणातलं भांडं सोडून दुसरं काही नाही.

सासूबाई : म्हणजे सगळ्या बेटाचं हवामान माझ्या भरवशावर.

सून : आज तरी.

सासूबाई : मग माझं ऐक. बारा मिलीमीटर. आणि शेवटच्या बसनं वेळेवर घरी ये. तुझ्या लेकीनं सकाळपासून भंडावून सोडलंय.

सून : थांबा, फोन ठेवू नका. साहेब आलेत.

साहेब : काय म्हणतो टेकडीचा आकडा?

सून : बारा, सर.

साहेब : बघा! मी म्हणतच होतो. पुराचा इशारा मागे घ्या. शेवटची बस सोडू की नको म्हणून स्टँडवरून पुन्हा पुन्हा विचारतायत. गेल्या आठवड्यात तुम्ही पूल बंद करायला लावलात आणि पडले चार थेंब. बाजारात लोक मला विचारतात, साहेब, आज छत्री घेऊ की गॉगल?

सून : सर, दहा मिनिटं द्या.

साहेब : दहा मिनिटांत आकडा बदलणार आहे? शिवाय त्याच बसनं तुम्हालाही घरी जायचंय.

सून : म्हणूनच म्हणते. पुलाखालचा ओढा टेकडीवरूनच येतो. वर पडलेलं पाणी खाली यायला वेळ लागतो. बसही पुलावर आणि पाणीही पुलावर, असं नको व्हायला.

साहेब : पाच मिनिटं. त्यापुढे नाही.

सून : माई, आहात ना?

सासूबाई : आहे. सगळं ऐकलं. आवाज खणखणीत आहे गं तुझ्या साहेबांचा. गॉगल म्हणे!

सून : माई, अंगणात पाणी साचलंय का?

सासूबाई : साचलंय का? खालची पायरी दिसत नाही. तू निघालीस तेव्हा ऊन होतं म्हणून कपडे घातले वाळत, ते आत घेईस्तोवर मी ओलीचिंब. पिठाचा डबा घासून कठड्यावर ठेवला होता, तो राहिलाच बाहेर. आता बसा पुन्हा वाळवत.

सून : पायरी बुडाली आणि आकडा बारा?

सासूबाई : मी का माझ्या पदरचं सांगते? भांड्यात होतं तेवढं नळीत ओतलं, नळीत दिसलं तेवढं सांगितलं.

सून : तुम्हाला नाही हो म्हणत. जरा भांड्याशी जाऊन बघता? तोंडाशी पानबिन अडकलं असेल.

सासूबाई : पान कुठलं, आत्ता तर बघून... थांब. टिकले! हे काय घेऊन उभी आहेस पावसात? माझं पातेलं?

टिकली : तू गेलीस की परत ठेवायचं असतं.

सासूबाई : कुठे ठेवायचं असतं?

टिकली : आईच्या भांड्यावर. पालथं.

सून : माई, तिला आत घ्या आणि फोन द्या तिच्याकडे. टिकले, पातेलं कधी ठेवलंस गं भांड्यावर?

टिकली : सकाळी पाऊस आला ना, तेव्हा. मग आजी मोजायला आली की काढायचं आणि पाठीमागे लपवायचं. आजीला कळतच नाही.

सून : पण का, बाळा?

टिकली : त्यात खूप पाऊस गेला की तू येत नाहीस. ऑफिसातच झोपतेस. थोडासाच गेला की येतेस.

सून : हं.

टिकली : रागावलीस?

सून : नाही. आजीला दे फोन.

सासूबाई : माझ्या नाकाखाली, बघ! एवढंसं पोर आणि मला चकवलं.

सून : तिला बोलू नका काही.

सासूबाई : बोलतेय कुठली. हसू की रडू तेच कळेना. पण तुझा आकडा तर गेला ना पाण्यात?

सून : माई, तो पिठाचा डबा. वरपासून खालपर्यंत सारखाच रुंद आहे ना? की गळ्याशी निमुळता?

सासूबाई : सरळसोट आहे. का?

सून : कठड्यावर छपराचं पाणी ओघळतं का?

सासूबाई : छप्पर कुठे, कठडा कुठे! वर नुसतं आभाळ.

सून : ठेवला तेव्हा कोरडा होता?

सासूबाई : पुसून, ठणठणीत कोरडा. तू गेलीस आणि लगेच ठेवला, पाऊस त्यानंतर आला.

सून : टिकलीची पट्टी घ्या, तळाला टेकेल अशी उभी धरा आणि पाणी कुठवर येतं ते सांगा.

सासूबाई : आता पिठाच्या डब्यात पाऊस मोजायचा! तुझ्याशी मुलाचं लग्न लावताना हे नव्हतं सांगितलं कुणी... अगं, पट्टी बुडायलाच आलीय. चौदावर आहे पाणी.

सून : सेंटिमीटरची बाजू?

सासूबाई : पंधरापर्यंत आकडे आहेत ती. इंचांची नव्हे.

सून : म्हणजे एकशे चाळीस मिलीमीटर, माई.

सासूबाई : आणि मी बारा सांगत बसले!

साहेब : झाली पाच मिनिटं. घेतला मागे?

सून : नाही, सर. तो आकडा चुकीचा होता. माझ्या मुलीनं भांडं झाकून ठेवलं होतं. शेजारी उघड्या डब्यात एकशे चाळीस भरलाय.

साहेब : कसल्या डब्यात?

सून : पिठाच्या.

साहेब : मॅडम.

सून : हो, सर.

साहेब : वरून विचारलं तर काय सांगू? पीठ चाळून आकडा काढला?

सून : डबा सरळ आहे, उघड्यावर होता, कोरडा होता. थोडं इकडेतिकडे होईल. पण बारा नक्की नाही.

साहेब : आणि आजही चारच थेंब पडले तर?

सून : हा पडेल की नाही असा पाऊस नाही, सर. पडून गेलेला आहे. खाली यायला निघालाय.

(साहेब खिडकीशी जातात. रस्त्यापलीकडे बस उभी आहे, माणसं चढताहेत.)

साहेब : इशाऱ्याखाली सही तुमची लागेल.

सून : करते.

साहेब : तुम्हीही मग इथेच अडकणार. लेकरू पुलापलीकडे.

सून : माहीत आहे.

साहेब : द्या तो दुसरा फोन. हॅलो, स्टँड? बस सोडू नका. चढलेल्यांना उतरवा. हो, पूल बंद. अहो, बाहेर ऊन आहे ते मलाही दिसतंय. शिव्या घालायच्यात ना, उद्या घाला, निवांत. पण आधी माणसं उतरवा.

सून : माई, मी आज येत नाही.

सासूबाई : कळलं. ओढ्याचा आवाज आता इथवर यायला लागलाय. बरं केलंस. हिचं दूध झालंय, कोरडी केलीय, काळजी करू नकोस. तू खाल्लंस का काही? आणि ही बघ, फोन ओढतेय.

टिकली : आई, पातेलं मी आजीला देऊन टाकलं.

सून : शहाणी गं माझी.

टिकली : मग येतेस?

सून : नाही, सोन्या. पूल बंद आहे.

टिकली : कोणी केला?

सून : मी.

टिकली : तू?

सून : हो.

टिकली : मग उद्या उठल्या उठल्या उघड.