गोदाबाईंनी गावभर वाटलेला पासवर्ड

(अकोट, बाजाराचा दिवस. परवेजचं सायबर कॅफे. गोदाबाई कॉम्प्युटरसमोर बसलेल्या. त्यांच्यासोबत गावातून आलेली शकुन मागच्या बाकावर.)

परवेज : काकू, खरं सांगा. ब्लॉगचा पासवर्ड कोनाकोनाले सांगतला?

गोदाबाई : गावाले.

परवेज : गावाले मतलब?

गोदाबाई : गावाले म्हंजे गावाले. सप्त्याच्या पंगतीत सांगतला, मंग बचत गटाच्या बैठकीत सांगतला. सुटलं असन तर एखादं तान्हं लेकरू.

परवेज : या अल्ला.

गोदाबाई : तूच म्हनला ना, पासवर्ड टाकला का ब्लॉग उघडते? गावासाठी लेहलेलं गावानं वाचू नये काय?

परवेज : वाचाले पासवर्ड लागतच नाई, काकू. वाचाले पत्ता लागते, हा वर दिसून राहिला तो. पासवर्ड मालकाचा असते. तो ज्याले भेटला तो लिहू बी शकते, मिटवू बी शकते. तुमी तर पूऱ्या मोहल्ल्यात घराची चाबी वाटली.

गोदाबाई : आमच्या उंबरखेडीत घराले कुलूप लावते कोन? कडी लावली का झालं.

परवेज : मंग पाहा, कडी काढून कोन कोन आत येऊन गेलं. हे ऐका. 'मोतीरामची म्हैस विकणे आहे. दुधाले चांगली. मारते, पण घरच्याले नाही.'

गोदाबाई : खोटं हाय. घरच्यालेही मारते.

परवेज : अन् हे नत्थुजीचं. 'नातवाचे बारसे आहे, सर्वांनी जेवायला यावे.'

गोदाबाई : जेवून आलो मी. पाटोड्या बऱ्या होत्या. राहू दे ना बाप्पा, काय बिघडते?

परवेज : राहू दे कसं? तुमीच तर म्हनता, परवा अमरावतीचे पाहुने येऊन राहिले, त्याच्या आधी ब्लॉग कसा झाडून-पुसून पाहिजे.

गोदाबाई : ते मात्र खरं. मह्या पोराच्या, गजेंद्रच्या लग्नाचं आहे, बावा. आधी स्थळं आली अन् गावाचं नाव ऐकून फिरली. आता जे पाहुने येऊन राहिले, त्या पोट्टीच्या मामानं तर पहले तोंडावर सांगतलं. म्हने, नेटवर तुमच्या गावाचं नाव टाकलं का नुसत्या शेतकऱ्याईच्या आत्महत्येच्या बातम्या निघतात, अशा गावात भाची कशी देऊ? मले रात्रभर डोया लागला नाई. मंग म्हनलं, दुसऱ्यानं आपलं गाव लेहलं, तर आपन काहून नाई लेहावं? मोटार धरली अन् तुह्याकडं आलो.

परवेज : अन् पहली पोस्ट कशी सुरू केली होती, आठवते? 'पत्रास कारण की'.

गोदाबाई : हास तू. पन आता पाय, चटनीवाली पोस्ट मी एकटीनं लेहली, फोटोसकट. कवठाची चटनी वाचून सुरतेहून आमच्या गावचा पोट्टा लेहते, 'काकू, तोंडाले पानी सुटलं.' बडनेऱ्याचा एक रेल्वेवाला लेहते, 'मी उंबरखेडीचाच, आज ड्युटीवर सगळ्याईले दाखवलं.' आता गावाचं नाव टाकलं का पोरीईची कबड्डीही निघते. मह्या हातानं निघते. मले लय अभिमान वाटते त्याचा, सांगून ठेवतो.

परवेज : वाटलाच पाहिजे. अठी कालेजचे पोट्टे येतात, ते तुमच्याएवढं नाई लिहत. पन काकू, अजून एक पोस्ट हाय. तिले मी हात नाई लावला. तुमीच ऐका.

गोदाबाई : कोनाची म्हैस हाय आता?

परवेज : 'माझे मालक जानराव. मी लग्न करून आली तेव्हा मला सायकल येत नव्हती. दुपारी सगळे वावरात गेले की ते मला खळ्यात न्यायचे आणि कॅरिअर धरून मागे पळायचे. मी पडली तर हसायचे नाहीत. पुढे गावच्या मुली यायला लागल्या. आज आमच्या गावातून सायकलवर शाळेत जाणारी प्रत्येक मुलगी त्यांच्या खळ्यात शिकलेली आहे.' बस, एवढंच. खाली नाव नाई.

गोदाबाई : जानरावचं लेहलं?

परवेज : जुम्म्याले लिहिलं. मी नमाजले गेलो होतो, गल्ल्यावर आमची नगमा होती. तिले इचारलं तर म्हनते, भाईजान, एक भाभी आली होती, लय चांगली होती.

शकुन : मी आली होती, काकी.

गोदाबाई : शकुन? अन् मोटारीत एवढा वेळ जवळ बसली, बोलली नाई?

शकुन : हिंमत नाई झाली. बैठकीत तुमी म्हनल्या, ब्लॉग सगळ्याईचा हाय, म्हनून लेहलं. आता मिटवा जी. गजेंद्रभाऊचं काम हाय. ते गेले तवा त्याईची बातमी चार पेपरात आली होती. मामानं हे नाव पाह्यलं का त्याले तेच आठवन.

गोदाबाई : मंग लेहलं काहून?

शकुन : त्याईचं नाव दुसऱ्या गोष्टीसाठी छापलेलं कसं दिसते, ते एकडाव पाहाचं होतं. पाह्यलं. झालं आता.

परवेज : काकू, एक बटन हाय. सांगा.

गोदाबाई : थांब. मह्या आरतीले सायकल जानरावनंच शिकवली. ते पोट्टी आज अमरावतीले नर्सिंग करून राहिली. गजेंद्रचे गुडघे त्याच खळ्यात फुटले. परवेज, म्हैस मिटव. बारसं मिटव. अन् हे वर घे.

परवेज : वर मतलब?

गोदाबाई : सगळ्यात वर. कबड्डीच्याही वर. उघडलं का आधी जानराव दिसला पाहिजे.

परवेज : तारीख बदलली का जाते वर. पन सोचून घ्या. मामा वाचन, अन् नाई म्हनन.

गोदाबाई : म्हनू दे. मले सून पाहिजे, पन गाव झाकून आनलेली नाई पाहिजे. जानरावच्या नावाचं ज्याले भेव वाटते, त्याची भाची आमच्यात कशी नांदन? गजेंद्र दोन दिवस फुगून बसन, त्याले मी पाहून घेतो. अन् मामानं हे वाचूनही पोट्टी देली, तर मी तिले वाजतगाजत आनीन.

शकुन : काकी, मह्यापायी नका करू.

गोदाबाई : तुह्यापायी नाई वं. एवढं लेहून मी गावाचा चांगला मानूसच इसरलो होतो. तू आनून ठेवला त्याले. परवेज, पासवर्ड बदल. नवा मले सांग अन् शकुनले सांग. बस.

परवेज : पक्का? पंगतीत नाई ना?

गोदाबाई : नाई रे बाप्पा. अन् खाली लेहनारीचं नाव टाक. बिननावाचं कायले?

परवेज : काय लिहू, भाभी? 'जानराव यांची पत्नी'?

शकुन : पेपरात तेच होतं. मह्यं नाव कोनं इचारलंच नाई.

गोदाबाई : सरक परवेज. बस वं शकुन, या खुर्चीवर. तूच टाइप कर.

शकुन : मले अक्षरं लवकर सापडत नाई, काकी. नुसतं 'शकुन' लेहू का?

गोदाबाई : पूरं लेह. जागा लय हाय.