रानूचा पहिला तमाशा

इंदूरच्या दातांच्या दवाखान्यात इंदिराबाई सुजलेला गाल धरून नंबरची वाट पाहत होत्या. शेजारच्या आजींनी जर्मनीतल्या सुनेचा फोन स्पीकरवर टाकला होता, म्हणजे सगळ्या दवाखान्यासाठीच.

"आई, रानूनं आज ताट फेकलं! अख्खी भाजी भिंतीवर!"

"अरे वा! केतकी, पेढे वाट, पेढे!"

"आई, मी इकडे रडतेय!"

"रड की. भोपाळच्या आश्रमातून दत्तक आणल्यापासून पोरगी आपली आपण ताटली धुऊन ठेवत होती. सात वर्षांची मुलगी, अन् पाहुण्यासारखी! मला तर बाई टेन्शनच आलं होतं."

"आता बॅग भरून पलंगाखाली बसलीये."

"दे तिला फोन. रानू, क्या हुआ बेटा?"

"दादी, ये लोग मुझे वापस भेजेंगे?"

"कशाला? तुझ्या पापानं तर टीव्ही फोडला होता. मी त्याला परत द्यायला निघाले, पण कोणी घेईचना."

"सच्ची?"

"खजरान्याच्या गणपतीची शपथ! शेवटी ठेवावाच लागला ना."

"आजीजी, तुमचा नंबर!" कंपाउंडरनं हाक मारली.

"थांब रे भिया, दात काय पळून चाललाय?"

इंदिराबाईंनी हसू दाबताना गालही दाबला आणि कळवळल्या. फोनमधून पुन्हा रानूचा आवाज आला.

"दादी?"

"हां, बोल."

"मम्मीला सांग, ती भाजी मी कल भी नाही खाणार."