चार भोकांचं कार्ड

...भोकं मोजली हो, नुसती भोकं! तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं मी त्या सरकत्या पट्ट्यापाशी स्टुलावर बसून खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या बघतोय, झाकण आहे का, लेबल सरळ आहे का, झाकण आहे का, लेबल सरळ आहे का... घरी पाण्याची बाटली समोर आली तरी आधी तिचं झाकण बघतो! आणि यंदा मालक म्हणाले, चार कॅमेरे बसवू, ते जमले की तुझं स्टूल गेलं, तू वरच्या खोलीत खुर्चीवर. पाठ टेकायला मिळणार होती हो मला!

आता कॅमेरे कंप्युटरला जोडायचे, तर मधे एक कार्ड लागतं, त्याच्या भोकांत कॅमेऱ्यांच्या वायरी खुपसायच्या. कॅमेरेवाल्या इंजिनिअरने कागदावर काढून दिलं, की प्रत्येक कॅमेऱ्याला आत आपापला वेगळा रस्ता पाहिजे, आणि त्याच वायरीतून त्याला वीजही मिळाली पाहिजे. तो कागद घेऊन मी खरेदी खात्यात गेलो. तिथे कोण? आमचे मेहुणे! बायकोचे सख्खे थोरले भाऊ, म्हणजे मला तोंड उघडायची सोय नाही. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, कपाटातून एक जुनं कार्ड काढलं, त्यावरची धूळ माझ्या तोंडावर फुंकली आणि म्हणाले, "जावईबापू, चार भोकं आहेत ना? मग झालं!"

मी म्हटलं, अहो, पण आतला रस्ता... तर म्हणे, आत कोण बघायला जातंय? घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता, मान वर न करता, "दादानं दिलंय ना? भोकं चार आहेत ना? मग झालं." शी! बहीणभावांनी एकच वाक्य वाटून घेतलंय.

जोडलं कार्ड. कॅमेरे ढिम्म! वीजच नाही. मग चार वेगळ्या वायरी लोंबकळत सोडल्या, बघून किळस यावी असं जाळं. पट्टा सुरू केला, आणि काय सांगू, चौघांची चित्रं आत एकाच बोळात घुसली, नुसती चेंगराचेंगरी! पडद्यावर बाटलीला बूड आहे, मान नाही. अहो, झाकण असतं कुठे? मानेवरच ना! बिनझाकणाची बाटली गेली सरळ खोक्यात, मालकांनी खोकं उचललं, आणि त्यांच्या बुटांवर ते तांबडं, चिकट औषध...

मेहुणे शांतपणे म्हणाले, कार्डात दोष नाही, चारही भोकं शाबूत आहेत. मालकांनी बूट पुसले, कॅमेऱ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, याचं स्टूल आणा.

आणलं कोणी? मेहुण्यांनीच! पट्ट्यापाशी नीट मांडलं, वाकून माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, दोन भोकं आहेत ना? मग झालं!"

...बसलो.